गळ्याशी आलेला काठ

बुधवारचा उपास होता, म्हणजे तीन वाजेपर्यंत मी उपाशी. चर्चमधून परतताना दागमाच्या अंगणात डोकावले. अदिस अबाबातली आमची गल्ली पाडायचं ठरल्यापासून हा पोरगा इथल्या बायकांची चित्रं कुंपणाच्या जुन्या पत्र्यांवर रंगवतोय. त्याची चित्रं पार डाकार, पॅरिसला जातात. पण ही इथंच राहणार म्हणतो.

गेल्या आठवड्यात तीन सकाळी मी त्याच्यापुढं बसले होते, तो माझा पत्रा वाळत ठेवला होता. चेहरा माझाच. पण पांढऱ्या शालीचा रंगीत काठ खाली नव्हता, वर गळ्याभोवती होता. घरात मयत झालं तरच आम्ही शाल अशी घेतो.

माझ्या मुलाचा, हेनोकचा, पाच महिने फोन नाही. जिबूतीहून बोटीनं समुद्रापलीकडे कामाला निघाला होता. आणि दागमा नुकताच जिबूतीच्या किनाऱ्यावरून, बोटींची वाट बघणाऱ्या पोरांची चित्रं काढून आलेला.

आमच्यात वाईट बातमी आधी गल्लीला कळते. मग एखाद्या पहाटे वडीलधारी माणसं घरच्यांना सांगायला दाराशी येतात. गेला आठवडाभर मी कॉफीला गेले की बायका गप्प होत होत्या.

शेजारच्या वैनितूला चित्रातल्या काठाचं विचारलं. ती कप विसळत राहिली. "दागमा परदेशात फिरतो, काठाचं विसरला असेल. माझं नाक नाही बघितलंस? वांगं काढलंय वांगं."

"आजीनं याच गल्लीत वाढवलंय त्याला. तो नाही विसरायचा."

मी परत दागमाकडे गेले.

"बाळा, हेनोकचं तुला काय कळलंय?"

त्यानं कुंचला खाली ठेवला. "मला? मावशी, तुम्हीच तशा बसला होतात. तिन्ही दिवस. वाटलं, तुम्हाला निरोप आलाय आणि तुम्ही लपवताय. सगळ्यांनाच तसं वाटलं. विचारायचं कसं?"

सकाळचा गारठा, त्यात उपासाचं अंग. ओढून घेतली असेल शाल वर. मला आठवेना.

"तिकडे दिसला नाही ना तो तुला?"

"नाही."

फार पटकन म्हणाला. की मलाच तसं वाटलं?

मी शाल सोडली, काठ खाली घेतला, नीट पायाशी येईलसा, आणि स्टुलावर बसले.

"पूस ते. आता दिसतेय तशी काढ."

त्यानं पांढरा रंग घेतला. माझ्या गळ्यावरचा काठ तो पुसत होता, तेव्हा मी चित्राकडे बघत नव्हते. त्याच्या तोंडाकडे बघत होते.