गालातली गोळी

“आधी थुंक,” सासूनं तळहात पुढे केला. “मग बाळ देते.”

नवरा नुकताच कामावर गेला होता. जाण्याआधी रोजच्यासारखी त्यानं गोळी दिली, पाणी दिलं, तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. तोंड रिकामं. बिचारा समाधानानं निघाला. गोळी सुनेच्या वरच्या दाढेमागे गालात होती.

हे तिच्याइतकं कुणाला जमणार? मनोरुग्णांच्या वॉर्डात ती सिस्टर होती. पेशंट तिला हवालदार म्हणायचे. गोळी कुठेही दडवा, ही बोट घालून काढणारच. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात; इथं त्या हवालदारालाही पाठ होत्या.

बाळंतपणानंतर तिचं रडू थांबेना, जगणं नकोसं झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ही गोळी दिली. अंगावर पाजलं तरी चालेल, दुधात ती अगदी नावापुरती उतरते, बाळाकडे आम्ही लक्ष ठेवू. पण मनानं बंद करू नका, असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं. सासूनं मान डोलावली. घरी आल्यावर सुनेला एकटीला गाठून म्हणाली, माझ्या नातवाला वेडाच्या गोळीचं दूध नको. आपल्या लेकाच्या तोंडी सासू लागलीच नाही. कशाला लागेल? तो बाहेर पडला की घर तिचंच. बाळ तिच्या खोलीत आणि कडी आतून.

सुनेला का कळत नव्हतं? दुसऱ्या कुणाची सासू असती तर हिनं तिची चांगली कानउघाडणी केली असती. पण दाराआड बाळ टाहो फोडायचं, इकडे पान्हा फुटून कपडे भिजायचे, आणि सगळं शहाणपण चुलीत जायचं. ती थुंकायची आणि बाळाला ओढून घ्यायची.

गुण येईना म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. मी स्वतः देतो हो, नवरा पुन्हा पुन्हा सांगत होता. सासूच्या तळहातावर आता दोन पडू लागल्या.

एका दुपारी ती बाळाला घेऊन गच्चीच्या कठड्यावर बसलेली दिसली. शेजाऱ्यांनी दोघांना आत ओढलं. तिची रवानगी तिच्याच वॉर्डात झाली. बाळ घरी राहिलं, बाटलीवर.

“मी म्हणतच होते,” सासू येईल त्याला सांगायची, “त्या गोळ्यांनीच घात केला.”

वॉर्डात गोळी द्यायला जोडीची सिस्टर आली. दोघींनी कित्येक पाळ्या एकत्र काढलेल्या. पण नियम तो नियम.

“आ कर गं. जीभ वर.”

तोंड रिकामं. सिस्टर सवयीनं गालात बोट घालणार, तोच तिनं गोळी काढून सिस्टरच्या तळहातावर थुंकली. दूध तर केव्हाच आटलं होतं. तिनं अंगातल्या सरकारी झग्याची बटणं सोडली आणि दोन्ही हात पुढे केले.

“थुंकले ना,” ती म्हणाली. “द्या आता.”