वेशीवरची कुऱ्हाड

गावचे पाटील लालासाहेब यांच्या बैठकीत भिंतीवर एक दगडी कुऱ्हाड टांगलेली असायची. आमच्या वाडवडलांनी लढाईत चालवली, असं ते येईल त्याला सांगत. ऐकून माझी सासू भामाबाई दातओठ खायची. कारण वेशीवर राखण करताना माझा सासरा ती खांद्यावर घेऊन फिरायचा. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. गावकी सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, चामड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. सासऱ्यानं कुऱ्हाड चावडीत नेऊन ठेवली आणि ती लालासाहेबांच्या भिंतीवर जाऊन बसली. पुढं सासरा वारला.

त्रेसष्ट साली संग्रहालयासाठी जुनी हत्यारं गोळा करणारे एक साहेब साताऱ्याहून आले. कळताच सासू मला घेऊन थेट बैठकीत शिरली.

साहेबांनी भिंग लावलं. पातं काळ्या दगडाचं, घासून गुळगुळीत केलेलं, हजारो वर्षांपूर्वीचं असावं. दांडा बाभळीचा, फार तर तीस वर्षांचा. वर आवळलेली कच्च्या चामड्याची वादी तेवढीच जुनी.

"म्हंजे पातं वाडवडलांचंच," लालासाहेब म्हणाले. "दांडा आमी मागनं बसवला."

साहेब कुऱ्हाडीला बांधायच्या चिठ्ठीवर त्यांच्या घराण्याचं नाव लिहू लागले.

"थांबा सायेब," सासू म्हणाली. "दांडा माज्या मालकानं घातला. दगुड डुगडुगत हुता, म्हणून वादीखाली माज्या लुगड्याची चिंधी कोंबलीया. हिरव्या काठाची."

"मग सोड की गाठ," लालासाहेब हसले. "तुमचंच काम ते."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सासूनं मात्र शांतपणे हात पदराखाली घेतले.

"हुतं. आता चामड्याला हात लावणार न्हाई. भिंतीवर तुमी टांगलीया, तुमीच सोडा."

साहेब पेन थांबवून बघत राहिले. आता लालासाहेबांना मागं हटता येईना. नखानं वादी हलेना. अर्धा तास पाण्यात भिजवली, तरी गाठ घट्टच.

"दातानं धरा," सासू म्हणाली. "मालक तसंच करायचं."

मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. घामाघूम झालेल्या लालासाहेबांनी शेवटी दात लावले. वेढा सुटला. आतून बोटभर चिंधी निघाली. मळलेली होती, पण काठ हिरवाच होता.

साहेबांनी नवी चिठ्ठी घेतली. "मालकांचं नाव काय?"

सासूनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. सवयीनं मीच सांगायला तोंड उघडलं. तिनं मला हातानं थांबवलं.

"धोंडीबा," ती म्हणाली, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "वेशीचा राखणदार. लिवा."