टक् झालं का?

मी गाडीतली, लेकरांची बूस्टर सीट बोलतेय. निफाडला निघालो त्या सकाळी टक् असा आवाज आलाच नाही, आणि मी घाबरले.

मला घाबरट म्हणा. कारखान्यातून खोक्यात बसून नाशिकला येईपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला दचकले. घरी आल्यावर काही महिने माझ्यावर चढून मसाल्याचे डबे काढले जायचे. मग घरातली छोटी दिशा जरा मोठी झाली आणि मला गाडीत मागे हक्काची जागा मिळाली.

माझं काम साधं. लेकराला उंच बसवायचं, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्याला न काचता खांद्यावरून येतो आणि पोटावर न चढता मांड्यांवर बसतो. पण पट्टा खाचेत टक् करून अडकला तरच ना? म्हणून सांगते, मूल बसवलंत की जरा कान द्या.

त्या दिवशी पट्ट्याच्या खाचेत आधीच काहीतरी होतं. पट्टा नसलेली, नुसती लोखंडी पट्टी. आदल्या दिवशी दिशाच्या मामानं, मयुरेशनं, गाडी नेली होती. मागच्या सीटवर सामान ठेवलं तरी 'पट्टा लावा' म्हणत गाडी पीं-पीं करते, म्हणून त्यानं नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानातून ती पट्टी आणून खोचली होती. गाडी गप्प झाली. मी मात्र आतून ओरडत होते. सीटचं कोण ऐकतं?

"आई, टक् नाही झालं," दिशा म्हणाली.

"हातानं धरून बस की," पुढून मामा म्हणाला. "निफाडला चाललोय बाई, दुबईला नाही."

"टक् झाल्याशिवाय निघायचं नाही. आईनंच सांगितलंय."

गाडी चालवणारी रोहिणी, तिची आई, खाली उतरली. मागे येऊन तिनं ती पट्टी उपटली आणि भावाच्या हातावर ठेवली. "घे. निफाडला आईला दाखव, भाचीसाठी काय आणलंस ते."

मामा खिडकीबाहेर बघू लागला.

टक्.

ओढा गाव मागे पडलं आणि द्राक्षांच्या क्रेटनी भरलेली पिकअप राँग साइडनं समोर आली. रोहिणीनं ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. दिशा पुढे फेकली गेली. पट्ट्यानं तिला खांद्यावर, मांड्यांवर झेललं. मला मधोमध भेग गेली, पण मी जागची हलले नाही. मी, खड्ड्याला दचकणारी!

मग काचांचा चुरा, फुटलेल्या द्राक्षांचा वास.

"दिशू?" रोहिणीची हाक.

ती मागे वळली.

"दिशू, बोल ना गं."

आणि माझ्यावरून, रोजच्याच उंचीवरून, आवाज आला.

"आई, आता टक् काढू का?"