मंगळवारचा कोबिना

फुटबॉल संघटनेचे साहेब, आमच्या माणसाचं नाव तुम्ही चुकवलंत, आणि वर त्यालाच पाटीवरचा पडदा ओढायला बोलावलंत.

कोबिना अमिसाने दोरी ओढली. मैदानाच्या नव्या स्टँडवर सोनेरी अक्षरं झळकली: कोफी अमिसा. ढोलवाल्यांचे हात जागच्या जागी थांबले. मंगळवार होता, समुद्राच्या विसाव्याचा वार. होड्या वाळूवर ओढलेल्या, त्यामुळे घानातल्या आमच्या एल्मिनाचा सगळा कोळीवाडा मैदानात.

"हा कोफी कोण?" आराबाने भर सभेत विचारलं. ती त्याची थोरली बहीण. मासळीला धूर देऊन देऊन तिचा आवाजही खरखरीत झालाय. "शुक्रवारी जन्मतो तो कोफी. आमची आई मंगळवारी बाळंत झाली. का तेही आता कचेरीत ठरतं?"

बाया खिदळल्या. कोबिना हसला नाही. मंगळवारी जन्मला म्हणून कोबिना. मंगळवारी जाळी सुटीवर असत, म्हणून वाळूत अनवाणी फुटबॉल शिकला. देशाकडून खेळायला लागला तरी लोक त्याला 'मंगळवार' म्हणूनच हाक मारत. एका मोसमात त्याने इतके गोल केले, की बंदरातल्या सतरा होड्यांवर त्याचं नाव रंगवलं गेलं.

तुमच्या संघटनेचा माणूस त्याच्या कानाशी लागला. "कॅप्टन, मंत्री बघतायत. हात हलवा जरा. पाटी मागाहून बदलू."

"मागाहून," कोबिना पुटपुटला.

हा शब्द त्याने याच तोंडून ऐकला होता. उपांत्य सामन्याच्या सकाळी गुडघा नारळाएवढा सुजलेला. 'दुखणं दाबायची सुई घे, खेळ. ऑपरेशनचं मागाहून बघू.' सुईला संमती म्हणून सही घेतलेल्या कागदावर मात्र नाव बिनचूक होतं, कोबिना अमिसा. तो खेळला, गोलही मारला. देश रस्त्यावर येऊन नाचला. गुडघा पुन्हा सरळ झाला नाही.

त्याने हात हलवला नाही. माईकही मागितला नाही. लंगडत पायऱ्या उतरला आणि किनाऱ्याची वाट धरली. मागोमाग आराबा निघाली, मग कोळीवाडा.

सतरांतली एकच होडी उरली होती. तिच्यावरचं नाव खाऱ्या पाण्याने खाल्लेलं. म्हाताऱ्या क्वान्सा रंगाऱ्याने डबा उघडला.

"बस इथं, लेका. माझे डोळे गेलेत. एकेक अक्षर सांग."

"मामा, पूर्वी तर न विचारता लिहायचात."

"तेव्हा चुकायची भीती नव्हती रे."

कोबिनाने दुखरा पाय वाळूत लांब केला. "को," तो म्हणाला, आणि कुंचला टेकेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "बि."

साहेब, सुईच्या कागदावर जे नाव तुम्हाला नीट लिहिता आलं, ते पाटीवर का आलं नाही? उत्तर मागाहून नको. आज मंगळवार आहे, आम्ही सगळे किनाऱ्यावरच आहोत. या आणि सांगा.