माहेराचा रकाना

इरावतीने तीन वर्षं मावळ पालथा घातला होता. चाळीस गावांतून भाताचे जुने वाण गोळा केले, पाकिटांवर गावांची नावं घातली आणि कुठलं जनुक कुठल्या जमिनीत टिकतं याचं गणित संगणकावर मांडलं. गणित झकास जुळत होतं. एकट्या बेडशाच्या भाताने घोळ घातला. वाढला डोंगरउतारावर आणि जनुकं नदीकाठची! आता काय म्हणावं याला?

तिचे मार्गदर्शक यशोधन सर म्हणाले, पाकिटं बदलली असतील. एक बदललं असेल तर बाकीच्यांचा तरी काय भरवसा? म्हणजे तीन वर्षं मातीत. पोरीला रडूच कोसळलं.

सकाळी लोणावळ्याहून स्कूटर काढून ती थेट बेडशाच्या चिमाबाईंच्या दारात. ते बी यांनीच दिलं होतं. पंचाहत्तरीची बाई, जीभ तिखट. आधी चहा पी म्हणाल्या, मग गाऱ्हाणं सांग. इरावतीने सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, भात इथलाच ना?

"हितलाच की. बी तेवढं मी म्हायेरातनं आनलं."

इरावतीचा कप हातातच राहिला. चिमाबाई सांगत गेल्या. त्यांच्या घराण्यात लेक सासरी निघाली की आई मूठभर बी ओच्यात बांधते. सासरी ते वेगळ्या वाफ्यात पेरायचं, दुसऱ्यात मिसळायचं नाही. पंचावन्न वर्षं त्या पेरत होत्या. आणि इरावतीच्या तक्त्यात रकाना फक्त गावाचा! मावळात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न माहेराचा. ही एवढी शिकलेली, हिला तेवढाच सुचला नव्हता.

"मावशी, माहेर कुठलं तुमचं?"

चिमाबाईंनी पवना धरणाकडे हात केला. "तितं. पान्याखाली. धरन झालं, गाव गेलं."

इरावतीने जुना नकाशा मिळवला, पवनेकाठचं ते गाव तक्त्यात भरलं आणि गणित चटकन बसलं. ती अक्षरशः नाचली. सरांनी फोनवर एवढंच विचारलं, बाकीच्या एकोणचाळीस गावांत माहेरं विचारलीस का? झालं, पुन्हा पायपीट! पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन बेडशाला गेली. पडद्यावरच्या नकाशात धरणाच्या निळ्या पाण्याच्या मधोमध एक ठिपका होता. मावशी, तुमच्या भाताने हे गाव सांगितलं, ती म्हणाली. चिमाबाई ठिपक्यावर बोट ठेवून बसल्या. मुलाला, सुनेला हे गाव त्यांना कधी दाखवता आलं नव्हतं. त्यांनी सुनेला हाक मारली.

"रेणुका, हातातलं ठिव आन् हिकडं ये. माझं म्हायेर बघ."