दोरावरचे हात

आमच्या रापणीची एक रीत होती. होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेलं जाळं दोन्ही टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं, आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला माशाचा वाटा द्यायचा. हात किती जोराने लागला हे कोणी बघत नसे. बाबलीला लकवा मारला, डावं अंग गेलं, तरी शेवटच्या ओढीला तो उजवा हात दोरावर ठेवून उभा राही. वाळूवर वाटे पडले की त्यातला एक बाबलीचा. तो त्याला कोणी दिला असं नव्हतंच. तो त्याचा होता.

पण ओढायला माणसं उरली नाहीत. पोरं तारकर्लीला पर्यटकांना बोटीतून फिरवू लागली. गेल्या हंगामात भरलेलं जाळं आम्हाला ओढेना, पाण्याने ते फिरवलं आणि मासा डोळ्यांदेखत निघून गेला. पुन्हा असं झालं तर रापण मोडायची, असं देवळातल्या बैठकीत ठरलं. मी रापणीचा म्होरक्या. मला बाबलीचीच काळजी होती. दुसरं काम त्याच्याने होणार नव्हतं, आणि फुकटचं तो खाणारा नव्हे.

माझा पुतण्या सर्वेश कुडाळहून आंब्याच्या बागांना आणि हॉटेलांना नेपाळी कामगार पुरवतो. तो म्हणाला, "काका, गडी मी देतंय. पण तेंका रोजचो पगार लागतलो. मासळी आधी लिलावाक जातली, मगे तुमचे वाटे."

"वाटे रवतले मां?"

"रवतले म्हणजे? वाढतले!"

आमच्या जाळ्यावर पगाराचा माणूस कधी आला नव्हता. मी हो म्हटलं.

त्यांचा मुकादम अनिश. समुद्र त्याने यंदाच पाहिलेला, पण सगळे एका दमात ओढत. पहिल्याच दिवशी जाळं बांगड्यांनी भरून आलं. मी सवयीने वाळूवर वाटे मांडायला बसलो. अनिशचा मांडला, त्याच्या प्रत्येक गड्याचा मांडला. दोराला हात लागले होते ना त्यांचे! सर्वेश पोट धरून हसला. "काका, पगार देवन वर वाटो? तुमी माका भिकेक लावतलास!" मग त्याने सगळेच वाटे एकत्र करून क्रेटमध्ये भरायला लावले. लिलाव झाल्यावर आमच्यासाठी उरले ते बारके, चेपलेले मासे.

तेही चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात शंकर दोर ओढत होता. रापणीतलं मोठं जाळं त्याच्या घरचं. एक पर्यटक मोबाइल धरून जवळ आला. "काका, दिवसाला काय मिळतं तुम्हाला?"

"माका कोण देतलो? ही रापण माजी आसा."

पर्यटकाला ती थट्टा वाटली. तो हसला आणि अनिशच्या गड्यांकडे बोट करून म्हणाला, "मग हे तुमच्यापेक्षा हुशार!"

शंकरने दोर सोडला. हात धुऊन माझ्याकडे आला. "उद्यापासून माका हाक मारू नको, रामचंद्र. पगारी गडी आसत मां तुजे? तेंच्या रांगेत मी कित्याक हुबो रवू?"

त्याच्यामागून एकेक करून बाकीचे गेले. मी दारोदार फिरलो. कोणी भांडलं नाही. "बघूया," म्हणाले. कमी पडलेले हात भरायला मी माणसं आणली होती. ती आली म्हणून उरलेले हातही गेले.

शेवटी दोरावर गावातला एकटा बाबली. एकदा पाण्याने जाळं ओढलं, दोर ताणला आणि तो गुडघ्यांवर पडला. अनिशने धावत जाऊन त्याला उचललं, अंगावरची वाळू झटकली, प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. "चाचा, आप बैठिए. हम हैं ना." मनाने चांगला मुलगा. बाबली खुर्चीत बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

मी लिलावाच्या आधीच सर्वेशशी भांडून चांगले बांगडे काढून घेतले आणि बाबलीच्या घरी गेलो. त्याची सून प्रियांका दारात होती. तिने टोपली घेतली आणि आत गेली. बाबली ओटीवर पडून होता.

"आज दोरार कोण कोण होते?"

मी अनिशचं नाव घेतलं. त्याच्या गड्यांची नावं मला आता येत होती, ती सगळी घेतली.

"आपलो कोण?"

"मी होतंय."

"दोर धरलंस?"

खोटं बोलायचं तर त्याच्या तोंडावर बोलता येईना. "नाय. 'काका, तुमी पडलास तर जबाबदारी कोणाची?' म्हणता सर्वेश. मी बाजूक हुबो रवतंय."

"मगे हो तुजोय वाटो नाय. माका खंयचो देतंस? परत घेवन जा."

मी उठलो नाही. आत प्रियांका विळीवर बांगडे कापायला लागली होती. घरातली दोन मुलं शाळेतून यायची होती. विळीचा आवाज बाबलीने ऐकला, मी ऐकला. टोपलीचं नाव मग आम्ही दोघांनीही काढलं नाही.