होकार देणारा डॉक्टर

२०२३ सालचा सप्टेंबर महिना. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या स्टिलवेल फोर्कच्या खाणीतून तेव्हा कोळशाची एकही गाडी निघत नव्हती, पण चर्चचं आवार मात्र दर रविवारी मोटारींनी भरून जायचं. पलीकडच्या खोऱ्यांतून बायका यायच्या. कुणी काठी टेकत, कुणी नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून. मुलांच्या बायबलवर्गाच्या खोलीबाहेर रांग लागायची. आत एक लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये फ्लोरिडाचा डॉक्टर होता आणि दाराशी ब्रदर ट्रॅव्हिस उभा होता.

"या भगिनींनो, या! सहा-सहा महिने दवाखान्याची वाट पाहायची, विमा कंपनीच्या विनवण्या करायच्या, कशासाठी? ज्या प्रभूने समुद्र दुभंगला, त्याला तुमच्या कमरेचा घेर जड आहे का?"

"मला तर जड आहे रे बाबा, म्हणून तर आले," मागून बर्निस ओरडली. सगळी रांग खदखदून हसली.

ट्रॅव्हिस आधी शेजारच्या तालुक्यात जुन्या मोटारी विकायचा. आता त्याने 'कृपा आरोग्य' नावाची वेबसाइट काढली होती. एकेक बाई आत जायची, दार लागायचं, पडद्यावरचा पांढऱ्या कोटातला डॉक्टर प्रश्न विचारायचा आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची चिठ्ठी मिळायची. बाहेर ट्रॅव्हिसच्या बर्फाच्या पेटीत रोखीने विकायच्या बाटल्या तयारच असायच्या. अट एकच. औषधाला आशीर्वाद लागावा म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून रविवारच्या प्रार्थनेपर्यंत कडक उपास. मग काट्यावर वजन करून बायका भर सभेत उभ्या राहून साक्ष द्यायच्या, "देवाने माझे अठरा पौंड काढून घेतले!" आणि सभा गर्जायची, "हालेलुया!"

मी तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होते. लहानपणी मी तंबूतला तेलवाला पाहिला होता, जो आंधळ्यांच्या डोळ्यांना तेल लावायचा. पुढे रेडिओवरचा उपदेशक आला, तो मंतरलेले रुमाल टपालाने पाठवायचा. माझ्या आईने एक रुमाल वडिलांच्या छातीवर ठेवला होता. खाणीच्या धुळीने भरलेली ती छाती काही मोकळी झाली नाही. तंबू गेला, रुमाल गेले, पडदा आला. बोलण्याची लकब तेवढी अजून तीच होती.

पण या वेळी माझ्या घरातलंच माणूस रांगेत होतं. लोरीन, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आई गेल्यावर माझ्याच स्वयंपाकघरात वाढलेली. शाळेच्या भटारखान्यात उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते. शस्त्रक्रियेआधी वजन उतरवा, असं हाडांचे डॉक्टर म्हणत होते. आणि वजनाच्या औषधाला पैसे देणार नाही, असं विमा कंपनी म्हणत होती.

शनिवारी मी घेवड्याचं भांडं चुलीवर चढवलं तर म्हणाली, "आत्या, झाकण ठेव ना त्यावर. उपास आहे माझा."

"देवाचा की ट्रॅव्हिसचा?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या डॉक्टरने रक्त तपासलं तुझं?"

"तू भेटली नाहीस त्यांना. किती मायेने ऐकतात! मी बोलत असते तेव्हा मान हलवतात. या गावात माझं कोण ऐकतं? 'लोरीन, कमी खात जा', एवढंच जो तो म्हणतो."

मी भांड्यावर झाकण ठेवलं. पोर खोटं बोलत नव्हती.

"नवी बाटली मिळालीय," ती म्हणाली. "जरा जोरकस आहे म्हणे. उद्या सकाळी टोचून घेऊनच निघायचं."

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचं वार्षिक संमेलन होतं. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परततात, आईबापांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात आणि मग तळघरात पंगत बसते. इमोजीन टॅकेट अशीच आली होती. ती आमच्या पंथाची नव्हे, पण तिचे आईवडील आमच्या आवारात पुरलेले. तिने आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निम्मी सभा तिच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली, पाद्री ब्रदर डेलसुद्धा. तिला स्वतःला मधुमेह होता.

आमच्याकडे पवित्र आत्मा अंगात आला की माणूस कोसळतं. त्याचं कुणाला नवल नाही. अनोळखी भाषेत बोलतं, थरथरतं, खाली पडतं. दोन बायका चादर घेऊन तयारच असतात, अंग उघडं पडू नये म्हणून ती गुडघ्यांवर टाकतात. पडलेल्याला हात लावायचा नाही, देवाच्या कामात ढवळाढवळ होते.

तिसऱ्या भजनाला लोरीनचे हात कापू लागले. तोंडातून अडखळत, न कळणारे शब्द निघाले.

"ऐका! आत्म्याची भाषा!" बर्निस आनंदाने किंचाळली.

लोरीन दोन बाकांच्या मध्ये कोसळली. खंजिऱ्या वाजू लागल्या. चादर पडली. ट्रॅव्हिस मंचावर चढला. "पाहा! सुईने सुरू केलेलं काम आता स्वतः प्रभू पुरं करतोय!"

मी सत्तर वर्षं माणसं पडताना पाहिली आहेत. आत्मा उतरलेल्याचा चेहरा लालबुंद होतो. ही पांढरीफटक पडली होती आणि झगा घामाने पाठीला चिकटला होता. मी वाकले तर दोघींनी माझे दंड धरले.

"हात नको लावूस, सिस्टर! आत्म्याला विझवशील!"

"माझी पोर विझतेय!" मी ओरडले. "इमोजीन!"

इमोजीन बाकांवरून वाट काढत आली. "डेल, त्या खंजिऱ्या बंद कर!" पाद्र्याने हात वर केला आणि सभा चिडीचूप झाली.

"बाई, हा पवित्र आत्म्याचा—" ट्रॅव्हिस पुढे सरसावला.

"पवित्र आत्मा आला तर थंड घाम फुटत नाही, ट्रॅव्हिस. बाजूला हो."

तिने पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं, लोरीनच्या बोटाला टोचलं. "एकतीस. नव्वदच्या आसपास हवी. अँब्युलन्स बोलवा! आणि खालून काकवी आणा, पळा!"

पंगतीसाठी ठेवलेली ज्वारीच्या धाटांची काकवी आली. इमोजीनने लोरीनला कुशीवर वळवलं आणि बोटाने थोडी थोडी काकवी हिरड्यांवर चोळू लागली. लोरीनचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. अँब्युलन्स डोंगर ओलांडून यायची होती.

"काय दिलंस तिला?" पाद्र्याने ट्रॅव्हिसला विचारलं.

"मी कोण देणारा? चिठ्ठी डॉक्टरांची आहे."

"मग लाव डॉक्टरला."

"आज रविवार... इथलं नेट..."

बर्निस धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. ब्रदर डेलने स्वतः बटण दाबलं. पांढरा कोट आला, हसू आलं. "नमस्कार, भगिनी! बोला, आज कसं वाटतंय?"

"डॉक्टर, बाई बेशुद्ध आहे," इमोजीन म्हणाली. "साखर एकतीसवर आलीय. बाटलीत काय आहे?"

डॉक्टरने मायेने मान हलवली. "छान. घरात कुणाला मोठा आजार?"

"ती मरतेय!" मी किंचाळले.

डॉक्टरने पुन्हा मान हलवली, कपातला घोट घेतला. "फारच छान! या उपचाराला तुम्ही अगदी योग्य आहात. प्रभू तुमचं भलं करो."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. बर्निस मटकन बाकावर बसली. "अगं बाई, मलाही हेच म्हणाला होता. शब्दन् शब्द."

तेवढ्यात लोरीनची जीभ हलली, तिने ओठ चाटले. इमोजीन तिला चाटवत राहिली. बऱ्याच वेळाने डोळे माझ्यावर स्थिरावले.

"आत्या... उपास मोडला का माझा?"

ट्रॅव्हिस मागच्या दाराने सटकला होता. पण संमेलनाच्या गर्दीत त्याच्या मोटारीपुढे साऱ्या गावाच्या मोटारी उभ्या. शेरीफ येईपर्यंत तो चावी हातात घेऊन तिथेच बसून होता.

अँब्युलन्सने लोरीनला इस्पितळात नेलं आणि पुढे सारं उघड झालं. डॉक्टर म्हणजे भाड्याचा नट. त्याचं चित्रण करून ठेवलेलं, बाईने उत्तर द्यावं म्हणून मध्ये मध्ये जागा सोडलेल्या. बहुतेक बाटल्यांत मिठाचं पाणी. काहींत मात्र लेबल बदललेलं इन्सुलिन. उपाशी पोटी तेच लोरीनच्या जिवावर उठलं होतं. मग वजन कसं उतरलं? ब्रदर डेलने इमोजीनला मुद्दाम बुधवारच्या सभेत बोलावलं. ती म्हणाली, "दर आठवड्याला दोन दिवस तुम्हाला उपाशी ठेवते आणि लगेच काट्यावर उभं करते. मीही चमत्कार करून दाखवीन, तोही फुकट."

ट्रॅव्हिसला शिक्षा झाली. तुरुंगात तो प्रार्थना चालवतो म्हणतात. बर्निसचे पौंड नाताळापर्यंत परत आले, काही जास्तीचेही. ब्रदर डेलच्या चर्चमध्ये आजही माणसं पडतात, पण आता चादरीआधी नाडी पाहिली जाते. इमोजीन दोन हिवाळ्यांनी गेली. तिच्या मेथडिस्ट पंथाच्या मंडळींना विचारून आम्ही तिला तिच्या आईशेजारी पुरलं.

लोरीनने पुन्हा पडद्यावरच डॉक्टर शोधला, कारण आमच्या खोऱ्यात दुसरा नाहीच. पण आधी राज्याच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत त्या बाईंचं नाव आहे का ते पाहिलं. त्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या मागवल्या, पोटाची सोनोग्राफी करायला लावली, आणि सगळं पाहून म्हणाल्या, "आत्ता नाही. पित्ताशयात खडे आहेत, आधी ते काढू."

लोरीन हसतच स्वयंपाकघरात आली. "आत्या, ही खरी डॉक्टर आहे. मला नाही म्हणाली!"

खडे निघाले. मग चिठ्ठी मिळाली, डॉक्टरीणबाईंच्या पत्रांनी विमा कंपनीही वळली, गावातल्या औषधाच्या दुकानातून औषध आलं, वर्षभरात गुडघाही नवा झाला. आता ती काठीशिवाय टेकडी चढते.

औषध वाईट नाही आणि पडदाही वाईट नाही. तेवढं एक पाहा: तुमचं म्हणणं ऐकून समोरच्याचं उत्तर बदलतं का? बदलत नसेल, तर तो कोट घालून बसलेला असो की क्रूस धरून उभा असो, त्याच्या हातची सुई घेऊ नका.